ताटलीपाशी येऊन परत फिरणारी मांजर

इंदूरच्या लोकमान्यनगरमधल्या एका ताईंनी विचारलं आहे: "आमची मनी सात वर्षांची आहे, नसबंदी झालेली आहे. तीन-चार महिन्यांपासून भूक लागली की ओरडत ताटलीपाशी येते, एक घास घेते, मान झटकते आणि ताटलीवरच फिस्कारून पळून जाते. तोंडाला घाण वास येतो, हनुवटी लाळेनं भिजलेली असते, एकदोनदा लाळेत रक्तही दिसलं. डॉक्टरांनी तीनदा इंजेक्शन दिलं, दर वेळी दहा-पंधरा दिवस अगदी पहिल्यासारखी झाली. आता ते म्हणतात दाढा काढाव्या लागतील, वेळ पडली तर सगळेच दात. दात काढले तर ती खाणार कशानं? आणि तोवर हिरड्यांना लवंगेचं तेल लावलं तर चालेल का?"

ताई, तेलाचं आधी सांगतो, कारण बाकीचं दोन दिवस थांबलं तरी चालेल. लवंगेचं तेल लावू नका. त्यात युजेनॉल नावाचं द्रव्य असतं. माणसाचं यकृत ते निष्प्रभ करून शरीराबाहेर टाकतं, मांजराच्या यकृतात त्या कामाची यंत्रणा फार तोकडी असते. त्यात मांजर लावलेलं सगळं चाटून गिळणार. आपण इंदूरकर ज्यांना सर्रास 'छाले' म्हणतो त्यांच्यावर लावायची जी जेलं मेडिकलमध्ये मिळतात, त्यांत बहुधा सॅलिसिलेट किंवा बधिर करणारं औषध असतं. तीही नकोत. बोरॅक्स-ग्लिसरीन नको. हळद-मध विषारी नाही, पण सोललेल्या तोंडात ते चोळणं म्हणजे छळ आहे आणि उपयोग शून्य. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरातली तापाची गोळी. पॅरासिटामॉलच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळीचा तुकडासुद्धा मांजराचा जीव घेऊ शकतो. हिरड्या चॉकलेटी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. कुणी चुकून दिलीच असेल तर लक्षणांची वाट न बघता त्याच तासात दवाखाना गाठा आणि गोळीचं पाकीट बरोबर न्या. त्यावर एन-ॲसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे, तो जितका लवकर मिळेल तितका चांगला. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन या गोळ्याही मांजराच्या जिवावर बेततात.

आता खाण्याचं. मनी आत्ता तरी दातांनी कुठे खातेय? दुखतं म्हणून ती चावणं कधीच सोडून बसली असणार. मांजराला मोठेपणी ३० दात असतात (दुधाचे २६), आणि त्यांतली एकही दाढ आपल्यासारखी सपाट, दळणारी नसते. जबडा आडवा हलतच नाही. दाढा कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींवरून सरकतात. उंदीर पकडायला सुळे लागतात, मांस कापायला दाढा. ताटलीत वाढलेल्या जेवणाला यातलं काहीच लागत नाही. काटेरी जिभेनं ते उचलायचं आणि गिळायचं. माझ्याकडे येणाऱ्या बोळक्या मांजरांपैकी बरीच दोन-तीन महिन्यांत कोरडे दाणेसुद्धा गिळायला लागतात. मालकांनी मऊ खाणं दिलेलं असतं, हे शेजारच्या मांजराच्या ताटलीतले दाणे चोरतात. दात नसल्यामुळे उपाशी राहिलेलं मांजर मी पाहिलेलं नाही. असलेल्या दातांमुळे उपाशी राहिलेली पुष्कळ पाहिली आहेत.

पण तुमच्या प्रश्नात एक गोष्ट फार चांगली आहे. ती 'कशी' खाते ते तुम्ही लिहिलं आहे. दवाखान्यात रोज ऐकतो ते वाक्य वेगळं असतं: "डॉक्टर, खाते तर व्यवस्थित." मांजर खातंच. तोंडात गळू असलं, जबड्याचं हाड झिजलं असलं तरी खातं, कारण न खाण्याची चैन त्याला परवडत नाही. म्हणून खाते का हे मी विचारत नाही. कुठल्या बाजूनं खाते, घास तोंडातून पडतो का, खाताना मान कुठे कलते, हे विचारतो. रामबागेतल्या एका आजींनी मला सांगितलं होतं, "पूर्वी ताटलीतच जेवायची. आता घास उचलून माझ्या सतरंजीवर नेऊन ठेवते, त्याच्याकडे जरा वेळ बघते आणि मग मान डावीकडे करून खाते. हिला कधीपासून असल्या रीती सुचायला लागल्या?" तिचं तोंड उघडायच्या आधीच मला कळलं की उजवीकडे काहीतरी आहे. उजव्या खालच्या सुळ्यामागच्या पहिल्या दाढेत हिरडी आत शिरल्यासारखी दिसत होती, लालबुंद, मसुराच्या डाळीएवढी. बेशुद्ध केल्यावर तिथे बारीक सळईचं टोक लावलं तर खालचा जबडा टकटक टकटक वाजायला लागला. शुद्ध हरपलेली असताना. ते एकदा पाहिलं की "मांजराला दुखलं तर कळलं असतं" यावर विश्वास राहत नाही.

ताटलीखेरीज आणखी खुणा असतात, आणि त्या तोंडाच्या आहेत असं कुणाला वाटत नाही. अंग चाटायचं कमी होतं, पाठीवरचे केस तेलकट होऊन गुठळ्या होतात. चावायला कठीण असलेलं खाणं टाकून मांजर फक्त गिळता येईल ते मागतं आणि लोक म्हणतात नखरे वाढले. जांभई अर्ध्यात सोडतं. गाल थोपटून घेणारं मांजर गालाला हात लावला की झटक्यात उठून जातं. वयामुळे शांत झालं म्हणतात ते मांजर दाढ काढल्यावर पुन्हा पडद्यावर चढायला लागतं, तेव्हा मालकांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

घरी बघायचं तर तोंड उघडायची गरज नाही. उजेडात बसा, तिला समोरासमोर न घेता मांडीवर पाठमोरी घ्या, एक हात डोक्यावरून घालून गालाची हाडं हलकेच धरा आणि अंगठ्यानं वरचा ओठ मागे सरकवा. दोन सेकंद उजवी बाजू, दोन सेकंद डावी. हिरडी फिक्या गुलाबी रंगाची हवी. दाताच्या मुळाशी लाल रेघ, पिवळं-तपकिरी कीटण, दाताच्या मधोमध शिरलेलं लाल ठिपक्यासारखं मांस, दोन बाजूंत फरक, यांतलं काहीही दिसलं तर मोबाइलवर फोटो काढा. भगव्या मांजराच्या ओठांवर आणि हिरड्यांवर चपटे काळे ठिपके असतील तर घाबरू नका, ते तिळासारखे असतात आणि वयाबरोबर वाढतात. मनीच्या बाबतीत मात्र हे करूच नका. तिचं तोंड आत्ता इतकं दुखत असेल की ती चावेल, आणि तो तिचा दोष नसेल.

यालाच जोडून एक गोष्ट, मनीसाठी नव्हे, इतर वाचणाऱ्यांसाठी. गल्लीतलं अनोळखी मांजर लाळ गाळतंय, खालचा जबडा लोंबतोय, गिळता येत नाही, अंगावर धावून येतंय किंवा उलट विचित्र गप्प बसलंय, तर त्याच्या तोंडात काय अडकलंय ते बघायला हात घालू नका. रेबीज मांजरालाही होतो. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लशीसाठी जायचं.

आता मनीला काय झालं असावं. फोटो नाही, तपासलेली नाही, तरी तुमच्या वर्णनातून दोन नावं समोर येतात आणि बऱ्याचदा दोन्ही एकत्रच असतात.

पहिलं, आजींच्या मांजरीला होतं ते. लोक म्हणतात दाढ किडली. खरं तर माणसासारखी कीड मांजराच्या दाताला लागत नाही म्हटलं तरी चालेल. मांजराला गोड कळतच नाही, गोडाची चव ओळखणारा त्याचा जनुक मोडका आहे. इंदूरच्या सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात जिलबीच्या कढईखाली बसलेलं मांजर पाकासाठी बसलेलं नसतं, त्याला तुपाचा आणि सायीचा वास हवा असतो. तर हा खड्डा किडीचा नसतो. पिल्लाचे दुधाचे दात पडतात तेव्हा त्यांची मुळं शरीराच्याच पेशी विरघळवतात. मोठेपणी तसल्याच पेशी पक्क्या दातावर काम करायला लागतात आणि दात मुळाकडून पोखरला जातो. याला दात विरघळण्याचा आजार म्हणा, इंग्रजीतून आलेलं नाव टूथ रिसॉर्प्शन. पाच-सहा वर्षांपुढच्या मांजराचं तोंड उघडताना मी हा आजार शोधतच असतो, इतका तो सर्रास आहे. यात चांदी-सिमेंट भरून उपयोग नाही. एके काळी तसं करून पाहिलं गेलं, पण भरलेल्याच्या खाली दात विरघळत राहतो. उपाय एकच, दात काढणं. मात्र कसा काढायचा हे एक्स-रे बघूनच ठरतं. काही दातांची मुळं शाबूत असतात, ती पूर्ण काढावी लागतात. काहींची मुळं हाडात मिसळून गेलेली असतात, तिथे मूळ खणून काढायचा हट्ट धरला तर जबडा मोडेल. तिथे वरचा भाग कापून हिरडी शिवायची. हे वरून बघून सांगता येत नाही.

दुसरं, आणि मनीच्या बाबतीत माझा संशय जास्त यावर आहे, ते म्हणजे संपूर्ण तोंडाची सूज, स्टोमॅटायटिस. हिरड्या लाल असतातच, पण खरी खूण मागे असते. तोंड उघडल्यावर वरचा आणि खालचा जबडा जिथे भेटतो, तिथे घशाच्या दोन्ही बाजूंची कातडी सोललेली, फुगीर, फोडलेल्या डाळिंबाच्या दाण्यांसारखी दिसते. हात लागला की रक्त. इथे मांजराची स्वतःची प्रतिकारशक्ती दातांवर रोज जमणाऱ्या जंतूंच्या थरावर वेड्यासारखी तुटून पडलेली असते. अशा मांजरांच्या तोंडात कॅलिसी नावाचा विषाणू फार वेळा सापडतो आणि जिथे पाच-सात मांजरं एकत्र राहतात तिथे हा आजार जास्त दिसतो. ताटलीवर फिस्कारणं हे याचं अगदी ठळक लक्षण. मांजराच्या हिशेबानं दुखापत ताटलीनं केलेली असते.

आणि इथेच तुमचं इंजेक्शन येतं. दहा-पंधरा दिवस सगळं छान आणि मग पुन्हा तेच, म्हणजे बहुधा ते बरेच दिवस टिकणारं स्टेरॉइड असावं, सोबत कदाचित अँटिबायोटिक. मी तुमच्या डॉक्टरांना नावं ठेवत नाही. उपाशी मांजराला खातं करायला मीही ते दिलं आहे. पण सुरुवातीच्या वर्षांत मी एका करड्या बोक्याला दर महिन्याला ते देत गेलो. मालक खूश, बोका खूश, मी खूश. सव्वा वर्षानं तो आला तेव्हा खंगलेला होता, घरातली पाण्याची वाटी दिवसातून तीनदा भरावी लागत होती. रक्तातली साखर प्रचंड. स्टेरॉइडनं मधुमेह होऊ शकतो हे मला पुस्तकातून माहीत होतं, तरी महिन्याचा एक टोचा सोपा वाटत होता. मग रोज दोन वेळा इन्शुलिन. दाढा तेव्हाच काढल्या असत्या तर हे टळलं असतं, असं मी मालकांना सरळ सांगितलं. ते काही बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात इन्शुलिनची चिठ्ठी न्यायला स्वतः न येता मुलाला पाठवलं. तेव्हापासून दुसऱ्या इंजेक्शनला मी दात काढण्याचा विषय काढतो, चौथ्यापर्यंत थांबत नाही. तुम्ही तिन्ही इंजेक्शनांची नावं लिहून घ्या आणि रक्ताच्या तपासणीत साखर बघायला सांगा.

दात काढण्यामागचा विचार साधा आहे. ज्या थरावर शरीर चवताळलेलं आहे तो ज्याला चिकटतो ती जागाच काढून टाकायची. आधी सगळ्या दाढा. सुळ्यांभोवतीची आणि पुढच्या पटाशीच्या दातांभोवतीची हिरडीही लाल असेल तर तेही. साधारण तिघांपैकी दोन मांजरं यानं एकतर पूर्ण बरी होतात किंवा खूप सुधारतात. उरलेल्यांना पुढेही औषधं लागतात, त्यांत सायक्लोस्पोरिनसारखं प्रतिकारशक्ती आवरणारं औषध येतं. हे आधी कळलेलं बरं, नाहीतर सगळे दात गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात तोंड अजून लाल दिसलं की फसवणूक झाल्यासारखं वाटतं. सूज उतरायला काही महिने लागू शकतात. मुळाचा तुकडा आत राहिला तर मात्र उतरणारच नाही. म्हणून काढण्याआधी आणि काढून झाल्यावर, दोन्ही वेळा एक्स-रे हवा.

एक्स-रे हीच खरी अडचण असते. दातांचा एक्स-रे सगळ्याच पशू-दवाखान्यांत नसतो. मी माणसांच्या दंतवैद्याकडून जुनं यंत्र घेऊन काम चालवलं, मांजराच्या तोंडात माणसाचा छोटा सेन्सर छान बसतो. तुमच्या डॉक्टरांना थेट विचारा: दातांचा एक्स-रे होईल का, बेशुद्धीत श्वासनलिकेत नळी घालणार का, सलाइन आणि अंग गरम ठेवायची सोय आहे का, जबड्याच्या नसेला बधिर करणार का. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. सोय नसेल तर तेच सांगतील कुठे पाठवायचं. महूला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, इंदूरहून काही फार लांब नाही. तिथे फोन करून चौकशी करायला हरकत नाही.

बेशुद्धीची भीती मला रोज भेटते. "सात वर्षांची आहे हो." सात वर्षं म्हणजे म्हातारपण नाही. मूत्रपिंड, यकृत, साखर, रक्ताचं प्रमाण आणि जमल्यास मांजरांच्या दोन विषाणूंची तपासणी, म्हणजे प्रतिकारशक्ती खच्ची करणारा एफआयव्ही आणि रक्ताचा कॅन्सर करू शकणारा ल्युकेमियाचा विषाणू, एवढं आधी झालं की धोका पुष्कळ आटोक्यात येतो. उलट "बेशुद्ध न करता दात साफ करून देतो" असं कुणी म्हणालं तर पैसे वाचवा. जागं मांजर धरून दातावरचं कीटण खरवडलं की दात पांढरा दिसतो, आजार असतो तो हिरडीच्या खाली, तिथे हत्यार जातच नाही. आणखी एक आतली गोष्ट सांगतो: तोंड उघडं ठेवायला स्प्रिंगचा जॅक मिळतो. कुत्र्याला चालतो, मांजरात तो जास्त ताणला तर मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी दाबली जाते आणि शुद्धीवर आलेलं मांजर आंधळं झाल्याची उदाहरणं आहेत. माझ्याकडचा मी फेकून दिला. सुईच्या प्लास्टिकच्या टोपणाचा छोटा तुकडा पुरतो.

मनीचं सोडून इतर कारणंही थोडक्यात सांगतो, कारण लाळ म्हटली की दर वेळी हेच असेल असं नाही. साधं हिरड्यांचं दुखणं सगळ्यात जास्त दिसतं. थर, मग कीटण, मग सूज, मग हाड झिजून दात हलणं. सूज आहे तोवर साफसफाईनं परत फिरता येतं, हाड गेलं की गेलं. तुटलेला सुळा लोक वर्षानुवर्षं तसाच ठेवतात. मांजराच्या सुळ्यात नस जवळजवळ टोकापर्यंत असते, त्यामुळे टोक उडालं तरी नस उघडी पडलेली असू शकते. पुढे डोळ्याखाली गाल सुजून येतो तो यातूनच. वरच्या ओठावर खोल, न दुखणारा खड्डा पडला तर बहुतेक वेळा ॲलर्जी असते, आधी पिसवा बघा. पिल्लू शिंकतंय, डोळे चिकटलेत आणि जिभेवर फोड आहेत, तर कॅलिसी. त्याची लस सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते. म्हाताऱ्या मांजराच्या तोंडाला अमोनियासारखा, मुतारीसारखा वास येत असेल, पाणी खूप पीत असेल, तर दातांच्या आधी मूत्रपिंड. आणि दहा वर्षांपुढच्या मांजराला एकाच बाजूला सूज, जिभेखाली गाठ, अचानक एकच दात हलायला लागणं, किंवा काढलेल्या दाताची जागा भरूनच न येणं, असं काही असेल तर तुकडा तपासणीला पाठवायला महिनाभर थांबू नका. मांजराच्या तोंडातला कॅन्सर बऱ्याचदा खराब दाताचं सोंग घेऊन येतो.

दोऱ्याबद्दल मात्र जरा थांबून. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात दर वर्षी एखादं मांजर मांजा गिळून येतं, एरवी शिवणाच्या डब्यातला दोरा. तोंडात बघितलं तर काही दिसत नाही, कारण दोऱ्याचा फास जिभेच्या मुळाशी, खालून अडकलेला असतो. एकदा माझ्या नजरेतून तो सुटला होता. लाळ आणि उलटी म्हणून औषध देऊन घरी पाठवलं, दुसऱ्या दिवशी पोट उघडावं लागलं. वाचलं, पण आतडं चुण्या पडून गोळा झालेलं होतं. आता लाळ गाळणाऱ्या प्रत्येक मांजराच्या हनुवटीखाली, जबड्याच्या दोन हाडांच्या मधल्या मऊ जागेत अंगठा दाबतो, म्हणजे जीभ वर उचलली जाते आणि खालचं दिसतं. तुम्हाला घरी तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका. कापूही नका. तसंच उचलून आणा. विजेची वायर चावलेलं पिल्लूही त्याच दिवशी आणा, ओठ थोडेच भाजलेले दिसतात, पण काही तासांनी फुप्फुसात पाणी होऊ शकतं.

आता मनीचं या आठवड्यात काय करायचं. दाणे बंद. शिजवलेलं चिकन मीठ-मसाल्याशिवाय, त्याच्याच कोमट पाण्यात मिक्सरमधून काढून, पातळ करून द्या, ताटली सपाट घ्या, वाटीच्या कडा गालाला लागतात. दूध-पोळीवर ठेवू नका. आपल्या घरांतून मांजराला तेच घालायची रीत आहे, पण मांजराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य मांसातूनच मिळतं, ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय दोन्ही जातात. दिवसभरात तिनं काहीच घेतलं नाही तर दुसऱ्या दिवशी डॉक्टर. विशेषतः मनी जाड असेल तर, कारण दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या जाड मांजराच्या यकृतात चरबी साचते आणि तो आजार दातांपेक्षा महाग पडतो. दुखणं थांबवायला मांजरांसाठीची चांगली औषधं आहेत, मेलॉक्सिकॅम वजनावर मोजून आणि मूत्रपिंड तपासून, किंवा ब्युप्रेनॉर्फिन गालाच्या आतल्या कातडीवर टाकून. ती डॉक्टरांकडून मागून घ्या, "सहन करते" म्हणून सोडू नका. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकची गोळी लिहून दिली असेल तर ती कोरडी कधीच देऊ नका, गोळीमागे सिरिंजनं पाच-सहा मिलिलिटर पाणी पाजा. ती गोळी अन्ननलिकेत चिकटून बसली तर तिथे भाजल्यासारखी जखम होते आणि नळी आकसते. आणि जेवतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून न्या. टेबलावर भेदरलेलं मांजर काहीच दाखवत नाही, त्या व्हिडिओत मला निम्मं निदान मिळतं.

घरात दुसरं पिल्लू असेल तर ब्रशची सवय आत्ताच लावा, मनीच्या दुखऱ्या तोंडाला ते सोसणार नाही. पहिला आठवडा नुसतं बोट चिकनच्या पाण्यात बुडवून हिरडीवर फिरवायचं, मग बोटाला गुंडाळलेलं मलमलीचं फडकं, मग लहान मुलांचा मऊ ब्रश. जनावरांची पेस्ट वापरा, आपली फ्लोराइडची नको, मांजर थुंकत नाही. फक्त बाहेरची बाजू, तीस सेकंद, रोज. थर एक-दोन दिवसांतच कडक व्हायला लागतो, त्यामुळे रविवारच्या रविवार घासण्याला फारसा अर्थ नाही. सहा-सात महिन्यांच्या पिल्लाची हिरडी दात येताना लाल दिसते, पण दात येऊन झाल्यावरही लाली राहिली तर दाखवा.

शस्त्रक्रियेनंतर काय, हेही विचारणारच आहात. बहुतेक मांजरं त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी पातळ खाणं चाटायला लागतात. ज्यांनी आधीपासूनच खाणं सोडलेलं असतं त्यांच्या मानेतून अन्ननलिकेत बारीक नळी बसवतात. दिसायला भयंकर वाटते, पण तिच्यातून अन्न आणि औषध दोन्ही देता येतं आणि रोज तोंडाशी झटापट करावी लागत नाही. टाके विरघळणारे असतात. दोन आठवडे दाणे, चेंडू, दोरीचे खेळ बंद. पहिले दोन दिवस लाळेत गुलाबी छटा चालेल, ताजं लाल रक्त थेंबथेंब पडत असेल तर फोन करा. आणि खालचे सुळे काढले असतील तर कधी कधी जिभेचं टोक बाहेर राहायला लागतं. काही बिघडलेलं नसतं. जीभ आत धरणारं कुंपण गेलेलं असतं, एवढंच. रामबागेतल्या आजींच्या मांजरीचं तसंच झालं, पुढे बाकीचे दातही गेले तिचे. आजी म्हणाल्या, "वेडावून दाखवते मला दिवसभर," आणि पिशवीतून तिचा फोटो काढून माझ्या टेबलावर ठेवला. तो अजून काचेखाली आहे.